दहापर्यंतची सावली

मे महिना लागला की दुपारी खालच्या बंदराकडून वारा सुटतो आणि वाळत्या जवळ्याचा वास आमच्या गल्लीत वर चढतो. बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो, रत्नागिरीचा माणूस गॅसवर भात लावतो. मला मात्र त्या वासाबरोबर दरवर्षी त्रिकोण आठवतात. साधे, तीन कोनांचे, लाखभर त्रिकोण. त्यांतला एकेक जण मला विचारत असतो, बाई, तुझा किरण मला लागला की नाही ते एकदा सांगून टाक.

हे जरा विचित्र आहे, मान्य. पण माझ्या इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मे महिनाच तसा होता. परीक्षा, आंबे, जनसुनावणी आणि जवळा असं सगळं एकाच पंधरवड्यात येऊन पडलं होतं, आणि मी त्या सगळ्याच्या मध्ये एक जुना कॉम्प्युटर घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. घरातला एकमेव बरा पंखा तिथे होता. पंखा माझ्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता.

मी पत्रकांवर वाढले. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. बंद झालेल्या एसटीच्या फेरीसाठी पत्रक, गळक्या टाकीसाठी पत्रक, मासळीबाजारात बायकांसाठी मुतारी हवी म्हणून पत्रक. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘जाहीर’ आणि ‘निषेध’ लिहिता येऊ लागलं. माझ्या सातव्या वाढदिवसाच्या आमंत्रणात ‘सर्व जागरूक मुलामुलींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ असं छापलं होतं. चौघं आली. बाबांनी त्यालाही उत्स्फूर्त प्रतिसाद म्हटलं.

त्या वर्षीचं पत्रक हॉटेलचं होतं. आरे-वारेकडे जाणारा रस्ता जिथे समुद्राच्या अंगाला वळतो, तिथे खाली वाळूचा एक सपाट पट्टा आहे. मासळीवाल्या बायका त्याला खळं म्हणतात. पिढ्यान् पिढ्या तिथे मासळी वाळते. खळ्याच्या मागे, पूर्वेला, सड्याची म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराची कड आहे, आणि त्या कडेवर कुठल्याशा कंपनीला नऊ मजली हॉटेल बांधायचं होतं. कंपनीच्या गुळगुळीत पुस्तिकेत खळ्याचं रंगीत चित्र होतं. त्यात माड होते, छत्र्या होत्या, एक परदेशी कुत्रा होता. मासळी नव्हती आणि सावली नव्हती. चित्रात भर माध्यान्ह होती, आणि माध्यान्हीला कुठलंही पाप सावली पाडत नाही.

हॉटेलच्या परवानगीआधी होणाऱ्या जनसुनावणीला पंधरा दिवस होते. बाबांनी पत्रक छापूनही आणलं होतं. मथळा होता, ‘दिवसभर सावली, कायमची उपासमार!’ मी म्हणाले, बाबा, सावली नुसती लिहून काय उपयोग, दाखवायला हवी. माझ्या प्रोजेक्टचा विषयच तो आहे. मी कॉम्प्युटरवर खळं उभं करते, हॉटेल उभं करते, सूर्य लावते आणि सावली कुठे पडते त्याचं चित्र काढून देते. बाबांनी माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं की मला तिथेच कळायला हवं होतं, आता हे अंगाशी येणार.

ज्याला रे ट्रेसिंग म्हणतात ते ऐकायला फार सोपं आहे. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून डोळ्याचा एक किरण सोडायचा. तो कशावर आदळतो ते बघायचं. जिथे आदळला तिथून दुसरा किरण सूर्याकडे सोडायचा. वाटेत काही आडवं आलं तर तो ठिपका सावलीत, नाही आलं तर उन्हात. बस्स. फक्त कॉम्प्युटरला माड, हॉटेल, मासळी असलं काही कळत नाही. त्याला सगळं त्रिकोणांनी रचून द्यावं लागतं, आणि किरण कशावर आदळला हे शोधायला त्या त्रिकोणांना एकेक करून विचारावं लागतं: तुला लागला का? तुला? आणि तुला?

आता यात मी पडले तत्त्वाची. कंपनीच्या चित्रातून मासळी गाळली होती, म्हणून माझ्या चित्रात काहीही गळणार नव्हतं. माडाच्या झावळीची पाती न् पाती मी घातली. आणि जवळा घातला. जवळा म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान कोळंबी. ती कोणी सोलत नाही, मोजत नाही, नुसती वाळूवर पसरतात. मी तिचा एकेक जीव दोन-दोन त्रिकोणांनी वेगळा मांडला. आमच्या गाईड सरांनी पडद्याकडे पाहून विचारलं की ही तांबडी रांगोळी कसली. मी सांगितलं. सरांनी आधी बसायला खुर्ची ओढली.

सर म्हणाले, एवढ्यांना एकेक विचारत बसलीस तर हे संपायचं नाही. त्रिकोणांचे गट कर, गटाभोवती एक पेटी कल्पून घे, किरण पेटीलाच लागला नाही तर आतल्या कोणाला विचारूच नको. मी ताडकन म्हणाले की न विचारता वगळणं मला मान्य नाही. आमच्याकडे ही भाषा चहापोह्यांइतकी नेहमीची होती, पण सर चांगल्या घरातले होते, त्यांना धक्का बसला. ‘अगं, ते त्रिकोण आहेत,’ ते म्हणाले, ‘मतदार नाहीत.’

मी तत्त्वाला चिकटून राहिले आणि घरी येऊन प्रोग्रॅम सुरू केला. प्रत्येक किरण प्रत्येक त्रिकोणाच्या दाराशी जाऊ लागला. दुपारपर्यंत चित्राच्या वरच्या कडेला आभाळाची एक बारीक पट्टी उमटली. आभाळात तर काहीच नव्हतं. म्हणजे तिथल्या प्रत्येक किरणाने लाखभर दारं ठोठावून सगळीकडून ‘मला नाही’ ऐकलं होतं. मी हिशोब मांडला. ह्या वेगाने खळं उजाडायला पुढचे गणपती विसर्जन होऊन गेले असते.

त्या आठवड्यात आम्ही तिघं पत्रकं वाटायला निघालो. आत्याच्या गावापासून सुरुवात होती. डोंगरउताराचं गाव, पाच वाड्या, आणि प्रत्येक वाडी चढून जायची. निम्मी घरं मुंबईला. बाबांची पद्धत अशी की प्रत्येक दाराशी जायचं म्हणजे जायचं. कुलूप असलं तरी कडीत पत्रक अडकवायचं, एक क्षण थांबायचं, मग पुढे. त्यांच्या मते कुलूप हेही एक मत होतं. आई दुसऱ्या बाजूने निघाली. ती वाडीच्या तोंडाशी थांबायची आणि पहिल्या घरात विचारायची, वर कोण आहे का? गणपतीशिवाय कोण नसतं, असं उत्तर आलं की अख्खी वाडी सोडून ती पुढच्या वाडीला लागायची. जिथे माणसं आहेत तिथे मात्र आत शिरायची, पुन्हा विचारायची, खालच्या आळीत कोण, वरच्या आळीत कोण. बाबा दुसऱ्या वाडीच्या चढावर धापा टाकत होते तेव्हा आई पाचही वाड्या उरकून आत्याकडे कोकम सरबत पीत बसली होती.

बाबांनी आल्या आल्या आरोप केला, तू माणसं वगळलीस.

‘एक तरी माणूस दाखवा जो घरात होता नि ज्याला मी कागद दिला नाही,’ आई म्हणाली. ‘तुम्ही कुलपांना वाटून आलात.’

मी सरबताचा पेला तसाच हातात धरून बसले. माणूस वगळणं आणि रिकामी वाट वगळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला लाखभर त्रिकोण आणि चार वर्षांचं शिक्षण घेऊन कळलं नव्हतं. पेटी आतल्या सगळ्यांना पुरून उरेल एवढी मोठी असली की जो किरण पेटीलाच लागत नाही तो आतल्या कुणालाच लागणं शक्य नाही. पेटी कधीकधी फुकट आत बोलावेल, आतमध्ये कोणी भेटणार नाही, फेरा वाया जाईल. पण बाहेरच्या बाहेर कोणाला टाकणार नाही. चूक करायचीच तर आत घेण्याच्या बाजूने करायची, असा तो नियम होता. एवढं सभ्य तत्त्व तोवर मी कुठल्या पत्रकात वाचलं नव्हतं.

घरी येऊन मी वाड्या पाडायला बसले. मोठ्या पेटीत दोन पेट्या, त्यांच्यात आणखी दोन-दोन, अशा पार शेवटच्या चार त्रिकोणांपर्यंत. आमच्या गावांतल्या वाड्या आडनावांवरून पडल्या आहेत, आणि त्यावर बाबांची बावीस पत्रकं आहेत. म्हणून मी वाड्या पाडताना नावगाव विचारलंच नाही. शेजारी कोण आहे तेवढं पाहिलं. माझ्या एका वाडीत हॉटेलच्या भिंतीचा तुकडा, झावळीचं टोक आणि चार जवळे एकत्र नांदत होते. ही क्रांती मी कोणाला सांगू शकले नाही, कारण ऐकणारं कोणी नव्हतं.

पेट्या न करता जागाच रेघा मारून वाटायची, अशीही एक रीत आहे. ती मी दोन तास करून पाहिली. त्यात रेघेवर आलेला त्रिकोण दोन्हीकडच्या यादीत घालावा लागतो. आत्याच्या बांधावरचा फणस असाच दोन घरांच्या यादीत आहे आणि त्यापायी त्या घरांतल्या दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला गेलेल्या नाहीत. मी रेघा पुसल्या आणि पेट्यांकडे परत आले.

प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि आईने कुकर लावला. चौथ्या शिट्टीला चित्र पूर्ण झालं. आभाळातले किरण एक मोठी पेटी विचारून, कोणी नाही म्हटल्यावर सरळ निघून जात होते. मी सकाळी आठचा सूर्य लावला होता. हॉटेलची सावली कडेवरून उतरून, खळं गिळून, पार भरतीच्या रेघेपर्यंत गेली होती. बाबा पडद्यासमोर उभे राहिले आणि मंद आवाजात म्हणाले, ‘शाब्बास.’ मग त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं.

शेजाऱ्यांपाठोपाठ चंद्राकाकू आली. चंद्राकाकू म्हणजे आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घेऊन येणारी, खळ्यावर सगळ्यांत मोठी जागा वापरणारी आणि बाबांच्या प्रत्येक मोर्चात पुढे चालणारी. मोर्चात ती घोषणा देत नाही, बाबांच्या घोषणा लांबल्या की ‘आटपा’ म्हणते. तिने पाटी दारात उतरवली, पदराने हात पुसले आणि चित्राच्या अगदी जवळ तोंड नेलं. माड ओळखले. कड ओळखली. मग बराच वेळ बोट वाळूवर फिरवत राहिली.

‘अगो, मासळी कुठं हाय?’

मी वाकून पाहिलं. वाळू स्वच्छ होती. जवळ्याचा एक जीव नव्हता. मी दहा दिवस एकेक करून मांडलेलं सगळं खळं लख्ख रिकामं होतं.

‘त्यांनी पण नाय ठेवली,’ काकू पुस्तिकेबद्दल म्हणाली. ‘तू पण नाय ठेवलीस. मंग दोघांत फरक काय, कुत्रा?’

बाबा हसले. आईसुद्धा हसली. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. ज्यांच्यासाठी मी झावळीच्या पात्या मोजत बसले होते त्यांनाच मी नकाशावरून उठवलं होतं, आणि तेही कंपनीकडून काही न घेता.

चूक सापडली ती चार वाजता. जवळा मी सपाट वाळूवर सपाट मांडला होता. त्यामुळे त्याच्या अगदी आतल्या पेट्यांना लांबी होती, रुंदी होती आणि उंची शून्य होती. माझ्या प्रोग्रॅममध्ये असं लिहिलेलं की किरण पेटीत आधी शिरला आणि नंतर बाहेर पडला तरच तो पेटीला लागला असं समजावं. शून्य उंचीच्या पेटीत किरण ज्या क्षणी शिरतो त्याच क्षणी बाहेर पडतो. मधे वेळच नाही. म्हणून प्रोग्रॅमच्या लेखी तो शिरलाच नाही, आणि आतल्या जवळ्याला कोणी विचारलंच नाही. माडांना उंची होती, हॉटेलला तर होतीच होती. ती सगळी दिसली. वाळू मी वेगळी, पेटीशिवाय ठेवली होती, तीही दिसली. जमिनीला चिकटून होते तेवढे गेले.

मी त्या पेट्यांना जवळ्याच्या अंगाएवढी जाडी दिली. खळं तांबडं झालं.

आजही कुठल्या सिनेमात ओल्या रस्त्यावर झळकणारी, अशाच किरणांनी काढलेली गाडी पाहिली की लोक गाडी बघतात आणि मी रस्त्याला चिकटलेलं काय काय गेलं असेल ते शोधत बसते. हा दोष मला त्या दुपारी जडला आणि तो घालवायची माझी इच्छा नाही.

पण खरं भांडण पुढेच होतं. मासळी दिसू लागल्यावर मी सूर्य पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवत चित्रं काढत गेले. हॉटेल नसताना डोंगराच्या कडेचीच सावली खळ्यावरून साडेसातला उठत होती. हॉटेल आल्यावर ती आठला होती, नऊला होती, साडेनऊला अर्धी होती. दहाला खळ्यावर स्वच्छ ऊन. त्यानंतर मावळेपर्यंत ऊनच ऊन, कारण पश्चिमेला समुद्र. मी सूर्याची जागा तपासली, हॉटेलची उंची तपासली, मग बाबांना बोलावलं.

‘दिवसभर नाही पडत,’ मी म्हणाले. ‘दहापर्यंत पडते.’

बाबांनी चष्मा काढला. पत्रकांचे गठ्ठे त्यांच्या पाठीमागेच होते. त्यांनी आधी मला सूर्याबद्दल विचारलं, मग कॉम्प्युटरच्या वयाबद्दल. मग ते म्हणाले की लढ्यात शब्द मापून वापरायचे नसतात, आणि चित्र आठ वाजताचं एकच दाखवावं. मी म्हणाले की कंपनीने बाराचं एकच दाखवलं, तेव्हा तुम्ही त्याला फसवणूक म्हणालात. पत्रकात म्हणालात. ठळक टायपात म्हणालात. बाबा म्हणाले, दहा वाजता ऊन येतं असं आपणच सांगितलं तर सुनावणीचे साहेब हॉटेलला हो म्हणतील आणि त्या बायका खळ्यावरून उठतील, ते तुझ्या सत्याला चालेल का? मी फक्त एवढंच म्हणाले की खोटं चित्र मी नेणार नाही. बापलेक दोघंही तत्त्वाचे असले की घरात जेवायला उशीर होतो. त्या दिवशी आईने एकटीनेच जेवून घेतलं.

सकाळी आईनेच चंद्राकाकूला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. काकूने सगळी चित्रं ओळीने पाहिली. नऊच्या चित्रावर थांबली, दहाच्या चित्रावर थांबली. बाबा तोवर सारखे घसा खाकरत होते.

‘मास्तर, दिवसभर लिवू नका,’ ती म्हणाली. ‘दुपारची मी उनात बसून मासळी परतीत असले आणि साहेब बघायला आला, तर काय छत्री दाखवू?’

मग काकूने आम्हा दोघांना, म्हणजे गणिताच्या मास्तरांना आणि भावी इंजिनियरला, जवळा समजावून सांगितला. पहाटे होडी येते. साडेसातच्या कोवळ्या उन्हात जवळा पातळ पसरायचा, दहाला उलथायचा, उतरत्या उन्हात भरायचा. जवळा एका दिवसात वाळला तर जवळा, रात्रीला ओला राहिला तर खत. दहाला पहिलं ऊन लागलं तर तेव्हाचं ऊन कडक, वरचं करपतं आणि खालचं ओलंच. दोन-अडीच तासांचा प्रश्न होता, आणि ते दोन-अडीच तास म्हणजेच सगळा दिवस होता. बाबांच्या ‘दिवसभर’पेक्षा हे भयंकर होतं, फक्त खरं होतं म्हणून कोणाच्या मथळ्यात बसत नव्हतं.

पुढचे दोन दिवस बाबांनी उरलेल्या पत्रकांवरचा ‘दिवसभर’ हा शब्द स्वतःच्या पेनने, पट्टी लावून खोडला आणि वर ‘सकाळी दहापर्यंत’ असं लिहिलं. प्रत्येक प्रतीवर. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले. वाटून झालेल्या पत्रकांचं काय, असं आईने विचारल्यावर ते टोपी घालून परत गावाला निघाले. ह्या खेपेला मात्र वाडीच्या तोंडाशी विचारत गेले.

सुनावणी अकरा वाजता होती. वरचे पंखे पुरे पडेनात म्हणून टेबलावर एक छोटा पंखा ठेवला होता, तो साहेबांकडे तोंड करून. मी चित्रं दाखवली, आठपासून दहापर्यंत. कंपनीचा माणूस शांतपणे सगळं पाहत होता. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर सहानुभूती. मी बसल्यावर तो उठला आणि माझे आभार मानून म्हणाला की ताईंनीच फार प्रामाणिकपणे सिद्ध केलं आहे, दहानंतर खळ्यावर पूर्ण ऊन आहे, उरलेला सबंध दिवस भगिनींच्या हातात आहे. साहेबांनी मान डोलावली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते पाहत नाहीत हे मला स्पष्ट दिसत होतं. मागच्या रांगांत तीस-चाळीस बायका बसल्या होत्या आणि त्यांचं खळं मी माझ्या हाताने, पंधरा-पंधरा मिनिटांनी, देऊन टाकलं होतं.

चंद्राकाकू उठली. तिच्या हातात दोन फडकी होती, गाठी मारलेली. ती साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली की पोरीने वेळ काढून दिली म्हणून बरं झालं. परवा मी अर्धा जवळा साडेसातला पसरला. अर्ध्यावर हॉटेल बांधलं. म्हणजे ताडपत्री धरली, बरोबर दहापर्यंत. मग काढली. दोन्ही एकाच वेळेला भरले, गाठ मारल्यावर हात नाय लावला.

तिने पहिली गाठ सोडली. जवळा कुरकुरीत, गुलाबी, नुसता पाहून भूक लागावी असा. मग तिने दुसरी सोडली.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या मागे घेतल्या. छोट्या पंख्याचं तोंड साहेबांकडेच होतं, आणि फडकं पंख्याच्या मागे होतं. कंपनीचा माणूस वही चाळायचं निमित्त करून दाराशी पोचला. पुढे त्या हॉटेलचा आराखडा बदलून आला, तीन मजल्यांवर आला, कडेपासून मागे सरकला, त्याची चित्रंही मीच काढली आणि त्यांत सावली आठच्या आत उठत होती. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी साहेबांनी रुमाल काढून नाकावर धरला आणि दुसऱ्या हाताने खूण केली.

‘बाई, हे आधी बाहेर न्या.’

काकूने फडक्याला हातसुद्धा लावला नाही.

‘नेतंय की साहेब,’ ती म्हणाली. ‘तुम्ही लिवून घेतलंत की नेतंय.’